मुकी पट्टी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी गंगापूर रोडच्या बाजूला एका मळ्यातल्या खोलीत राहत होतो. नव्वदीतली गोष्ट. तेव्हा तो भाग आजच्यासारखा भरला नव्हता. रस्त्यावर दुकानं होती आणि दोन मिनिटं आत चाललं की गुलाबाची, शेवंतीची वावरं लागायची. मळ्याचे मालक तात्या आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, सकाळी फुलं काढून बाजारात धाडत आणि विहिरीजवळच्या तीन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देत. माझ्या खोलीतली दुसरी कॉट रिकामी होती. एक दिवस तिच्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली हार्मोनियमची पेटी येऊन बसली, आणि तिच्यामागून तो आला.

त्याने माझं नाव विचारलं नाही. दारात उभा राहून विहिरीवरच्या मोटारीकडे कान लावला आणि म्हणाला, "ही मोटर पांढरी पाचच्या जवळपास हाय." पांढरी पाच म्हणजे पेटीवरचा एक सूर, हे मला पुढे कळलं.

मी मनमाडचा. वडील रेल्वेत. यार्डातल्या इंजिनांच्या गोंगाटात मी पाळण्यात झोपलो आणि पुढे तसाच वाढलो. आवाज म्हणजे काय, तर ज्याच्यात झोप येते ती गोष्ट, एवढीच माझी समजूत. त्यामुळे हा मुलगा वेडा आहे असं माझं पहिल्याच मिनिटाला मत झालं. दोन वर्षं एकत्र राहिल्यावर ते मत मी थोडंसंच बदललं.

'जवळपास' हा त्याचा शब्द. जगातला प्रत्येक आवाज त्याच्या कानापुढे परीक्षेला बसलेला असायचा आणि कोणी पास होत नव्हतं. काकूंच्या कुकरची शिट्टी, जवळपास. शेजारच्या देवळातली घंटा, जवळपास. रेडिओवर एखादी नावाजलेली गायिका लागली की आम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचो. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मान हलवून म्हणायचा, "लय जवळपास." ही त्याची सर्वांत मोठी पदवी. 'बरोबर' हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी आंघोळीला जाताना गुणगुणायचो, तेव्हा तो फक्त "लांब" म्हणायचा, तेही सहानुभूतीने.

एकदा तो तात्यांना सांगायला गेला की मोटारीत कालपासून दुसरा एक सूर येतोय, बघून घ्या. तात्या फुलांच्या गड्ड्या बांधत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं की सूर पेटीत बघायचा, मोटारीत पाणी बघायचं. तिसऱ्या दिवशी मोटारीचं बेअरिंग बसलं, मोटर जळाली आणि ऐन उन्हात गुलाब चार दिवस तहानेला राहिला. तेव्हापासून तात्या दर सोमवारी त्याला विहिरीवर न्यायचे. हा मोटारीला कान लावून उभा राहायचा आणि तात्या, डॉक्टर नाडी बघत असताना घरचे उभे राहतात तसे गप्प उभे. त्यानंतर तो मळ्यात हवा तितका वेळ पेटी वाजवायचा आणि कोणी अक्षर काढायचं नाही. सोसावं मला लागायचं.

सोसावं लागायचं अशासाठी की त्याच्या पेटीची एक पट्टी मुकी होती. काळ्या पट्ट्यांतली चौथी, तिला काळी चार म्हणतात. दाबली की नुसती हवा यायची. आणि हा जी पट्टी 'सा' धरून वाजवायचा तिच्यात पंचम, म्हणजे 'प', नेमका तिथेच पडायचा. पंचमाशिवाय अभंग म्हणजे मिठाशिवाय पिठलं. त्यावर त्याचा उपाय असा की तो सूर आला की बोट उचलायचं आणि सूर स्वतःच्या तोंडाने म्हणायचा. आवाज फाटका, पण सूर नेमका. पेटी, पेटी, पेटी, मध्येच माणूस, परत पेटी. पहिले आठ दिवस मला वाटत होतं की याला वाजवताना उचकी लागते.

शेवटी मी विचारलं की दुरुस्त का करत नाहीस. तेव्हा त्याने अण्णांची हकिकत सांगितली.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. नामपूरच्या कांदा मार्केटात मापाडी. दिवसभर काट्यावर कांद्याच्या गोण्या मोजायच्या आणि दिवेलागणीला भजनी मंडळात पेटी वाजवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. हा पाच वर्षांचा असताना पेटीची ती पट्टी मुकी झाली. अण्णांनी याला मांडीला मांडी लावून बसवलं आणि सांगितलं की इथे मी बोट उचललं की हा सूर तू म्हणायचा. त्या दिवसापासून हा मंडळाचा नोकरदार झाला. पोरं गोट्या खेळायची तेव्हा हा पितळी टाळांच्या गराड्यात बसून आपला सूर यायची वाट बघायचा. चुकला की अण्णा पुन्हा तिथूनच धरायचे. नेमका लागला तरी शाबासकी नव्हती. अण्णा पुढे बघत एवढंच म्हणायचे, "जवळपास शे." तो शब्द याने घरूनच आणला होता.

मंडळातले लोक म्हणायचे, मालेगावला नेऊन पट्टी नीट करून आणा. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "पोऱ्या शे ना, मंग रिपेरी कसाले?" मुलगा आहे ना, मग दुरुस्ती कशाला. आत सूर देणारी पितळी पत्ती तुटली आहे, पेटीला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं. पुढे मुलगा कॉलेजला नाशिकला निघाला तेव्हा त्यांनी पेटीच त्याच्याबरोबर दिली आणि मंडळात स्वतः टाळ घेऊन बसू लागले. सूर म्हणणारा गेल्यावर पेटी घेऊन मी काय करू, असं म्हणाले म्हणे.

अण्णा एकदा आमच्याकडे आले होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि माझ्यासाठीही वेगळी बांधलेली कांद्याची पिशवी. जेवण झाल्यावर त्यांनी पेटी पुढे ओढली आणि नेहमीचा अभंग धरला. त्यांनी बोट उचललं की हा वीस वर्षांचा बाप्या त्यांच्या शेजारी मांडी घालून पंचम म्हणायचा. मग पेटी याच्याकडे आली आणि सूर म्हणायचं काम अण्णांकडे गेलं. दोघं एकमेकांकडे एकदाही बघत नव्हते. मी बाहेर पायरीवर बसून होतो आणि मला उगीचच माझ्या वडिलांची आठवण आली. आमचं बोलणं ड्यूटीच्या वेळांपलीकडे कधी गेलंच नव्हतं.

भौतिकशास्त्र हा त्याचा विषय होता आणि त्यात ध्वनीच्या प्रयोगाला तो नापास झाला, हे मी सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. प्रयोगशाळेत सरांनी ट्यूनिंग फोर्क दिला आणि तार जुळवून मोजमापं घ्यायला सांगितली. याने फोर्क टेबलावर आपटून कानाजवळ नेला, वहीत उत्तर लिहिलं आणि बाकीच्या वेळात खिडकीबाहेर बघत बसला. सर म्हणाले, निरीक्षणं कुठे आहेत. हा म्हणाला, ऐकलं ना सर. वर आणखी सांगितलं की फोर्क पांढरी एकला थोडा कमी लागतोय. सरांनी शून्य दिलं. मी नंतर त्याला समजावलं की पुस्तकात लिहिलंय तसं करायचं असतं. तो म्हणाला, "पुस्तक लिहिणाऱ्याला ऐकू येत नसेल, भो. त्याला मी काय करू?"

आज तो नामपूरजवळ, बागलाणातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. ध्वनीचा धडा पेटी मांडीवर घेऊन शिकवतो असं ऐकतो. पेटी तीच आहे, आणि ती पट्टी अजून मुकीच आहे. ती तशी कशी राहिली हे सांगायचं म्हणजे मला माझी एक चूक सांगावी लागते.

सुरुवात कॉलेजच्या गॅदरिंगला झाली. शेवटच्या वर्षातली एक मुलगी भक्तिगीत म्हणणार होती आणि तिचा साथीदार आजारी पडला. कोणीतरी याला उभं केलं. कॉलेजची पेटी नवी कोरी, सगळ्या पट्ट्या बोलत्या. पण हाताची सवय. गाण्यात पंचम आला, याचं बोट आपोआप उचललं गेलं आणि माइकमधून सगळ्या सभागृहात याचा फाटका आवाज घुमला. पहिल्यांदा लोक दचकले. दुसऱ्यांदा हसले. चौथ्या वेळी अख्खं सभागृह याच्याबरोबर तो सूर ओरडून म्हणू लागलं. मुलगी गाणं अर्धवट टाकून आत गेली.

तो तिची माफी मागायला गेला तर ती त्याच्याशी बोलली नाही. पुढचा महिनाभर तो कॉरिडॉरमधून निघाला की पोरं मागून 'आ' करायची. तो प्रत्येकाला वळून "लांब" असं प्रामाणिकपणे सांगायचा आणि पुढे जायचा. आम्ही हसलो, मीही हसलो. पण खोलीत त्याने पेटी वाजवणं बंद केलं. लुगडं गुंडाळून कॉटखाली सरकवली ती सरकवलीच. ज्या आवाजाचा मला वर्षभर वैताग आला, तो नाही म्हणून मला चैन पडेना. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, आणि दाखवायला हवं होतं.

त्यातच तात्यांच्या घरी नामपूरहून फोन आला. अण्णा मार्केटात काट्याजवळच कोसळले होते. अर्धांगवायू. तो मिळेल त्या एस.टी.ने निघून गेला आणि पेटी माझ्याजवळ राहिली.

तीन-चार दिवसांनी कळलं की जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उपचारांसाठी त्यांना नाशिकला आणायचं ठरत होतं. मी खोलीत एकटा. त्याच्यासाठी काय करता येईल याचा विचार करत होतो आणि करता येण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा मला ती पट्टी आठवली. गॅदरिंगला जी फजिती झाली ती तिच्यामुळे. परत आला की निदान पेटी तरी धड असावी. मी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि जुन्या नाशकात एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेली.

त्याने झाकण उघडलं, चष्मा वर केला आणि चिमट्याने आतून एक कागद ओढून काढला. घडीवर घडी घातलेला, पिवळा पडलेला कपटा. मग भाता हलवून पट्टी दाबली. ती स्वच्छ वाजली. मी म्हणालो, पत्ती तुटली होती ना. तो म्हणाला की पत्तीला काही झालेलं नाही, हा कागद तिच्याखाली कोणीतरी हाताने बसवलाय, इतक्या नीट घड्या आपोआप पडत नाहीत. कोणाचा तरी चावटपणा असेल, असं मला वाटलं. कागदावर पेन्सिलीने काही आकडे होते. फेकवेना म्हणून मी तो पाकिटात ठेवला. वाटेत स्वतःवर फार खूश होतो.

आठवड्याने तो अण्णांना घेऊन आला. त्याची आई धाकट्या बहिणीजवळ गावी थांबली होती. माझी कॉट अण्णांना दिली आणि मी शेजारच्या खोलीत झोपायला गेलो. सकाळी दवाखान्यात न्यायचं, व्यायाम करून घ्यायचे आणि परत आणायचं. अण्णा इतके लहान झाले होते की मला आधी ओळखूच आले नाहीत. डावा हात मांडीवर, उजवा नुसता ठेवलेला. काकू रोज पेज घेऊन यायच्या आणि त्यांच्याशी फुलांच्या भावापासून सगळं बोलायच्या. ते ऐकायचे, डोळे भरायचे, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाचा येईल किंवा येणारही नाही, पण आली तर या दिवसांतच येईल. बोलतं करत राहा.

तिसऱ्या दिवशी तो मला विहिरीकडे घेऊन गेला. तिथे मोटर चालू होती, तरी हळू आवाजात बोलत होता.

"उद्या पेटी काढतो," तो म्हणाला. "अण्णांचा अभंग वाजवतो आणि त्या पट्टीवर थांबतो. मी म्हणणार नाय. थांबून राहणार. तिथं सूर रिकामा राहिला तर अण्णांना सोसायचं नाय, भो. ते भरतीलच."

ती जागा आता रिकामी राहिली नव्हती. मी ती बुजवून ठेवली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी काहीतरी उजेड होता आणि तो माझ्याने मोडवेना. बोट उचलायची त्याला सवय आहे, तो पट्टी दाबणारच नाही, म्हणजे काही बिघडणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. भित्र्या माणसाला समजूत लगेच सापडते.

सकाळी त्याने अण्णांना भिंतीला टेकवून बसवलं, पेटी त्यांच्यासमोर ठेवली आणि अभंग धरला. अण्णांची मान वर आली. डाव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागली. पंचम जवळ आला. आणि नेमकं गॅदरिंगच्या धसक्याने असेल, किंवा स्वतः म्हणायचं नाही हे मनात घोकल्याने असेल, या खेपेला त्याने बोट उचललं नाही. पट्टी दाबली गेली आणि पेटी स्वच्छ वाजली.

भाता तिथेच थांबला. अण्णांनी पेटीकडे बघितलं, मग मुलाकडे. त्यांचे ओठ उघडायला आले होते, ते मिटले. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"कोणी केली?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "मी."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पट्टी परत एकदा दाबून पाहिली आणि म्हणाला, "चांगली केलीस. स्वच्छ लागतोय." मग भाता मिटवून ठेवला. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या, पण इतकी लाज मला कधी वाटली नाही.

काय करावं कळेना म्हणून मी पाकीट काढलं आणि तो कपटा त्याच्यासमोर धरला. सांगितलं की पत्ती तुटलीच नव्हती, हा कागद तिच्याखाली घालून ठेवला होता.

त्याने घड्या उलगडल्या. ती कांदा मार्केटातली वजनाची चिठ्ठी होती, वरचे पेन्सिलीचे आकडे अण्णांच्या हातचे. त्याने त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग मलाही कळलं. पट्टी कधी मुकी झालीच नव्हती. दिवसभर काट्यावर उभं राहणाऱ्या आणि रोजची संध्याकाळ मंडळात घालवणाऱ्या त्या माणसाने, मुलाला आपल्या शेजारी बसायला जागा व्हावी म्हणून, पेटीतला एक सूर बंद करून ठेवला होता. पंधरा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

"अण्णा," तो म्हणाला, "हाई तुम्हीच करेल शे ना?"

अण्णांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. चिठ्ठी बघितली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ते पुसायला डावा हातही त्यांनी उचलला नाही.

त्याने माझ्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, झाकण उघडलं, चिठ्ठीच्या जुन्याच घड्या परत घातल्या आणि ती पत्तीखाली होती तशी बसवली. पट्टी दाबून बघितली. नुसती हवा. मग पेटी पुढे ओढली आणि अभंग पहिल्यापासून धरला. पंचम आला. बोट उचललं. खोलीत काही नाही. त्याने तीच ओळ परत घेतली, लहानपणी अण्णा घ्यायचे तशी, तिथूनच. परत काही नाही. अशी ती ओळ त्याने किती वेळा घेतली ते मी मोजलं नाही. काकू पेजेचं भांडं घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मग अण्णांचं तोंड वाकडं झालं, गळ्याची शीर ताठली आणि आतून कुठूनतरी एक आवाज आला. घोगरा, तुटका, अर्धा श्वास आणि अर्धा सूर. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो पंचम नव्हता हे मलाही कळलं. त्याच्या आसपाससुद्धा नव्हता. मी पेटीवरच्या त्या माणसाकडे बघितलं. आयुष्यात कुठल्याच आवाजाला त्याने पुरते गुण दिले नव्हते, आणि खोटं बोलायची त्याच्या कानाला सवय नव्हती.

"बरोबर," तो म्हणाला. "बरोबर लागला, अण्णा."

आणि भाता ओढून त्याने पुढची ओळ धरली.